तिसऱ्या कडव्याला रडणारे मास्तर

अमेरिकेतल्या हर्नडनमधल्या निम्म्या मराठी मंडळींना ज्या माणसाने गाडी शिकवली, त्या माणसाला गाडीत बसलं की रडायची सवय होती. थट्टा करत नाहीये. मी स्वतः त्यांची विद्यार्थिनी. शेजारच्या सीटवर डोळे पुसत बसलेला माणूस घेऊन मी रिव्हर्स शिकले आहे.

दोन हजार दोन साली मी पुण्याहून आले तेव्हा ऑफिसात निम्मी क्युबिकल्स रिकामी होती. धडाधड लोकांना काढत होते, आणि अशा मुहूर्तावर मी टेस्टर म्हणून रुजू झाले. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये पंचेचाळिशीचे एक गृहस्थ बसायचे. इस्त्रीचा फुलशर्ट, इस्त्रीची पँट, आणि त्याखाली चक्क तपकिरी काउबॉय बूट. मी पहिल्या दिवशी त्या बुटांकडे इतकी बघत राहिले की त्यांनीच खुलासा केला. "कुरूप आहे मले पायाला. ह्यात दुखत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "आन् दिसतेही चांगला."

सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मूळचे वणीचे, यवतमाळ जिल्ह्यातले. एरवी माझ्याशी बऱ्यापैकी पुस्तकी मराठी बोलायचे, पण राग आला किंवा गहिवरून आलं की वऱ्हाडी सुरू. आणि गहिवरून तर त्यांना दिवसातून दोन-तीनदा यायचंच. मला ते 'पुणेकरीण' म्हणत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे.

अमेरिकेत गाडी येत नसेल तर माणूस लुळा. माझं तेच झालं होतं. भाजी आणायला सुद्धा कोणाच्या तरी पाया पडायचं. शेवटी कोणीतरी म्हणालं, अगं मास्तरांना सांग ना, ते सगळ्यांना शिकवतात, एक पैसा घेत नाहीत. मी सांगितलं. शनिवारी सकाळी मास्तर दाराशी हजर. मी खाली आले आणि बघते तर काय, समोर एक मरून रंगाचं पिकअप ट्रकचं धूड उभं!

"ह्यावर शिकायचं?"

"ज्याले हा पार्क करता आला त्याले जगात काहीही पार्क करता येते," मास्तर म्हणाले. "बस वर."

संगणकावर काम करणाऱ्या, घरी मोजून तीन माणसं असणाऱ्या गृहस्थाला पिकअप कशाला हवा, असं त्यांना सगळे विचारायचे. सोसायटीवाल्यांनीही दोनदा हटकलं होतं. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणायची, "ह्यांच्या गाण्यांत सगळ्यांकडे ट्रक असतो ना, मग ह्यांना नको का?" तेवढंच कारण होतं, खरंच. नाही म्हणायला गणपतीत मखर त्यातूनच यायचं, आणि नवीन आलेल्या प्रत्येक पोराची गादी सुद्धा.

तर गाणी. ट्रकमधला रेडिओ एकाच स्टेशनला चिकटलेला असे, कंट्री म्युझिक, म्हणजे इकडची शेतकरी-ट्रकवाल्यांची गाणी. मला पहिले काही दिवस ती सगळी गाणी सारखीच वाटली. कोणीतरी नाकातून गातंय, मागे केविलवाणं व्हायोलिन, नदी, कुंपण, कुत्रा. मी तसं बोलून दाखवलं, तर मास्तरांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. मॉलच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये माझी शिकवणी झाली, आणि ती गाडीची नव्हती.

"तुम्ही लोक गाणं ऐकत नाही, नुसती चाल ऐकता," ते म्हणाले. "ह्यात माणूस वाढते बाई! पहिल्या कडव्यात पोट्टं लहान आहे, बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरून राहिलं. दुसऱ्या कडव्यात त्याले मिसरूड फुटते, बापाशी बोलणं बंद होते. आन् तिसऱ्या कडव्यात..."

"तिसऱ्यात काय?"

"तिसऱ्यात कोणीतरी म्हातारं होते."

एवढं बोलून त्यांनी खिशातला रुमाल काढला. गाणं अजून दुसऱ्या कडव्यातच होतं.

पुढे माझ्या लक्षात आलं की हा नियम तंतोतंत खरा आहे. आणि मास्तरांचं सगळं शिकवणंच त्या नियमावर चालायचं. पहिल्या कडव्यात ते सूचना द्यायचे, आरसा बघ, इंडिकेटर दे. दुसऱ्यात आवाज बारीक व्हायचा. तिसरं कडवं लागलं की गेले! विद्यार्थ्याने आपलं आपण काय ते करायचं. आम्ही सगळे पॅरलल पार्किंगमध्ये पक्के झालो त्याचं कारण हेच, ऐन वेळी मास्तर खिडकीबाहेर तोंड करून नाक शिंकरत असायचे.

पण एक सांगते, त्यांच्याइतका शांत शिक्षक मी पाहिला नाही. मी एकदा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबून ट्रक सरळ झुडपात घातला. मास्तर खाली उतरले, झुडूप बघितलं, परत वर येऊन बसले. "काय झालं तुला तेव्हा? काय वाटलं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, पाय घसरला. "मग चपला बदल," म्हणाले, आणि पुन्हा गाडी सुरू करायला लावली. कोणीही चुकलं की ते आधी हेच विचारायचे. काय झालं ते सांग. मला तेव्हा वाटायचं, काय देवमाणूस आहे.

आता ह्या देवमाणसाला एक मुलगा होता, आणि खरी गोम तिथेच होती. मुलगा इथेच जन्मलेला, उंच, अबोल. कानात कायम इअरफोन, आणि त्यात जे काही वाजायचं ते कंट्री नक्कीच नसायचं. बापलेक एका घरात राहत होते हे वहिनीने सांगितलं म्हणून खरं मानायचं. मास्तर त्याच्याशी तीनच विषयांवर बोलत. गणित, दात आणि जॅकेट. "मॅथ्सचं काय झालं? ब्रेसेसचा रबर लावला का? जॅकेट घाल." पोरगा म्हणायचा, "येस बाबा." संपलं. वहिनी डोक्याला हात लावायची. "टेक्सासमधल्या कोणा शेतकऱ्याच्या पोरासाठी ह्यांच्या डोळ्याला धार लागते, आणि घरातल्या पोराला विचारायचं काय तर रबर!"

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका वर्षी मास्तरांनी नाव दिलं. लोकांना वाटलं भावगीत म्हणतील. मास्तर स्टेजवर आले ते बूट घालून, आणि डोक्यावर हॅट! माईक हातात घेऊन म्हणाले की मी गाणार नाही, माझा आवाज चांगला नाही, पण ह्या देशातलं एक गाणं तुम्हाला मराठीत सांगतो. आणि सांगायला लागले. बाप आणि मुलगा मिळून कुंपण दुरुस्त करतायत, मुलगा खिळे देतोय. सांगत होते मात्र झकास. मागच्या बाजूला समोशांसाठी रांगेत उभ्या असलेल्या बायकाही थांबून ऐकायला लागल्या. मग आलं तिसरं कडवं. मुलगा परत येतो तेव्हा कुंपण पडलेलं असतं, इथपर्यंत आले आणि रुमाल निघाला. माईक हातात, हॅट डोक्यावर, आणि तोंडातून शब्द फुटेना. पुढे बसलेली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी हॉलमध्ये मुलाला शोधलं. तो दार ढकलून बाहेर निघाला होता.

पुढच्या वर्षी तो साडेपंधरा वर्षांचा झाला. इकडे त्या वयात शिकाऊ परवाना मिळतो, आणि मग कोणीतरी जाणत्या माणसाने शेजारी बसून शिकवायचं. सगळ्या गावाला शिकवणारा बाप घरातच आहे म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. पण एका दुपारी मास्तर कॉफीचा कप घेऊन माझ्या क्युबिकलमध्ये आले आणि म्हणाले, "पुणेकरीण, माझ्या पोट्ट्याले गाडी तू शिकव."

मला वाटलं थट्टा करतायत. "अहो मास्तर, मला तुम्ही शिकवलीत!"

"म्हणूनच म्हणून राहिलो. तुले येते."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी घरी बसतो."

मी काही ऐकायला तयार नव्हते. म्हटलं, कारण सांगा, नाहीतर मी नाही शिकवणार. तेव्हा त्यांनी ते सांगितलं. त्यांचे वडील लवकर गेले. मास्तर थोरले, पाठचा भाऊ बराच लहान. त्याचा अभ्यास, त्याची शाळा, त्याचं जेवणखाण, सगळं ह्यांनी पाहिलं. "मीच बाप, मीच भाऊ. आन् दोन्ही कामं दमात ठेवून केली." घरात वडिलांची जुनी स्कूटर होती. भाऊ कॉलेजात जायला लागला तेव्हा मास्तरांनी त्याला ती शिकवली. पहिल्याच आठवड्यात त्याने भर बाजारात एका बांगडीवाल्याच्या गाडीवर स्कूटर घातली. काचांचा खच पडला. मास्तर धावत गेले, आणि सगळ्या बाजारादेखत त्याच्या कानाखाली वाजवली.

"लागलं का, काय झालं, काही नाही विचारलं," मास्तर म्हणाले. "त्यानं एक शब्द काढला नाही. खाली बसून काचा वेचल्या. आन् त्या दिवसापासून तो माझ्याशी एकच बोलते. हो दादा."

आता भाऊ चाळिशीला आला होता. वणीला त्याचं स्वतःचं दुकान, बायको, मुली. मास्तर दर रविवारी फोन करायचे. बरं आहे का? हो दादा. आई बरी आहे? हो दादा. दुकान? हो दादा, चालू आहे. त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ते मास्तरांना शेजारच्या माणसाकडून कळलं, तेही दोन महिन्यांनी. रागावून विचारलं तर म्हणाला, हो दादा, सांगायचं राहिलं.

"भांडला असता तर बरं होतं, वो," मास्तर म्हणाले. "तो माझ्यावर रागावलेलाही नाही. तो मले काही सांगतच नाही. आन् हा पोट्टाही आता येस बाबा, येस बाबा करून राहिला. मी शेजारी बसलो, आन् त्यानं गाडी ठोकली, आन् माझा हात उठला, तर संपलं सगळं. जन्मभर येस बाबा ऐकत बसीन मी."

मला मग आठवलं की भावाभावांचं गाणं लागलं की मास्तर फटकन स्टेशन बदलत. मी एकदा कारण विचारलं होतं, तर म्हणाले, "ट्रॅफिक ऐकायला नको?" आम्ही तेव्हा रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये होतो.

शिकवायला लागले बाई त्यांच्या पोराला. काय करते! पोरगा गोड होता, आणि गाडीत बसला की बोलायचा. समोर बघत बोलता येतं ना, कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पहिले दोन शनिवार इकडचं तिकडचं, आणि मग एकदा सिग्नलला थांबलो असताना म्हणाला, "मावशी, ही टॉट एव्हरीवन. एव्हरीवन! व्हाय नॉट मी?"

मी काय सांगणार? म्हटलं, बाबा बिझी असतात रे.

"ही इज नॉट बिझी. ही इज सिटिंग इन द ट्रक इन द गराज, लिसनिंग टु द रेडिओ." मग सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवेना. "ही थिंक्स आय ॲम स्टुपिड, राइट?"

मागून हॉर्न वाजायला लागले. अरे देवा, बाप कोणत्या भीतीने घरात बसलाय आणि पोरगा काय समजतोय! मी त्याला स्कूटरची गोष्ट सांगू शकले असते, पण ती सांगायचा हक्क माझा नव्हता. संध्याकाळी मास्तर फोनवर, "कसा चालवते? काय म्हणाला?" दर शनिवारी हेच असायचं. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मास्तर, मी काय पोस्टमन आहे? तो म्हणाला की बाबा मला ढ समजतात म्हणून शिकवत नाहीत. आता बसा रुमाल घेऊन!" आणि फोन ठेवला.

आमच्या व्हर्जिनियात अठराच्या आतल्या मुलांना लायसन्स असं काउंटरवर मिळत नाही. परीक्षा पास झाली की आधी तात्पुरत्या कागदावर चालवायचं, आणि पक्कं कार्ड घ्यायला आईबापाबरोबर काउंटीच्या कोर्टात जायचं. तिथे न्यायाधीश सगळ्या पोरांना समोर बसवून अपघातांवर भाषण देतात आणि कार्ड पोराच्या नव्हे, पालकाच्या हातात ठेवतात. मास्तरांनी जाहीर केलं होतं की कार्ड मिळेपर्यंत एकट्याने ट्रक काढायचा नाही. पोरगा पास झाला, कोर्टाची तारीख आली, आणि नेमकी त्या दिवशी वहिनीला कामावरून सुटी मिळाली नाही. पोराने मला फोन केला, "मावशी, यू कम. यू आर द टीचर." गेले. मास्तर कोट घालून आले होते, आणि बूट पॉलिश केलेले.

न्यायाधीश बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, कडक. त्यांनी सांगितलं की प्रत्येक पालकाने पुढे यायचं, कार्ड मुलाला द्यायचं, आणि देताना त्याला एक गोष्ट सांगायची. झालं! मी मनात म्हटलं, आता हे दातांचा रबर काढणार. एकेक आईबाप उठत होते, आय लव्ह यू म्हणत होते, आय ॲम प्राउड ऑफ यू म्हणत होते, मिठ्या मारत होते. मास्तरांच्या कपाळावर घाम. नाव पुकारलं तसे बूट वाजवत पुढे गेले. बाईंनी कार्ड हातात दिलं. मास्तरांनी ते दोन्ही हातांनी धरलं, पोराकडे बघितलं, आणि देईचनात. बाईंनी विचारलं, काही अडचण आहे का?

"नो, मॅडम," मास्तर म्हणाले. "ही इज रेडी. आय ॲम नॉट रेडी."

लोक हसले, पण प्रेमाने हसले. मग मास्तर पोराकडे वळले आणि सगळ्यांदेखत त्याला वऱ्हाडीत म्हणाले, "तू ढ नाहीस रे. मी भित्रा आहे. तुझ्यावर ओरडीन म्हणून मी भेलो." न्यायाधीश बाईंना त्यातलं अक्षर कळलं नसणार, पण त्यांनी घाई केली नाही. पोराचा चेहरा लालबुंद झाला. त्याने हात पुढे केला. "द्या ना बाबा," म्हणाला. मास्तरांनी दिलं.

माझ्याकडे रुमाल नव्हता. डोळे बाहीला पुसले.

बाहेर पार्किंगमध्ये आलो. मास्तर पुन्हा बाप झाले. "सरळ घरी जायचं. आतल्या रस्त्यानं. हायवेवर जायचं नाही."

पोराने किल्ली हातात घेतली. मी वाट बघत होते, आता येणार येस बाबा.

"नो, बाबा," तो म्हणाला.

पोराने सांगितलं की चार वाजता त्याची बँडची प्रॅक्टिस आहे, आतल्या रस्त्याने गेलं तर चौदा सिग्नल लागतात, हायवेवर एकही नाही, आणि तो हायवेवर बाबांपेक्षा बरी गाडी चालवतो. "यू ब्रेक टू मच, बाबा. यू ब्रेक व्हेन यू क्राय. आस्क मावशी."

मास्तरांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. तो तिथेच राहिला. "बरं," ते म्हणाले. "जा हायवेनं. पोचला की फोन कर."

ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तसे मास्तर माझ्याकडे वळले. माणसाला लॉटरी लागावी तसा चेहरा. "पुणेकरीण, ऐकलं का? नाही म्हणाला मले! तोंडावर नाही म्हणाला. आन् कारणासकट!" माझ्या गाडीतून घरी जाईपर्यंत त्यांनी ते मला सहा वेळा सांगितलं. मीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं केलं.

सोमवारी सकाळी ते माझ्या क्युबिकलमध्ये आले आणि खुर्ची ओढून बसले. कॉफीला हात लावला नाही. मला वाटलं, पोराने ट्रक ठोकला.

"काल भावाले फोन केला," ते म्हणाले. "त्याले सांगितलं सगळं. म्हटलं, माझा पोट्टा मले तोंडावर नाही म्हणाला, आन् मले भल्लं बरं वाटलं. तिकडून काहीच नाही. मले वाटलं, फोन कटला."

"मग?"

"मग म्हणते, 'दादा, त्या दिवशी स्कूटरचा ब्रेक लागतच नव्हता.'"

मास्तर बुटांकडे बघत होते.

"मी म्हटलं, अबे, मग तेव्हाच काहून नाही सांगितलं? तर म्हणते, 'तुम्ही विचारलं कुठं, दादा?'"

शेजारच्या क्युबिकलमध्ये कोणाचा तरी फोन वाजत होता. कोणी उचलत नव्हतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी काय म्हणणार," मास्तर म्हणाले. "बोलत बसला न तो. ऑपरेशनचं सांगितलं, दुकानाचं सांगितलं, पोरींचं सांगितलं. फोनचं कार्ड संपलं तर दुसरं काढलं, तरी तो बोलूनच राहिला. मी आपला नुसता हो म्हणत होतो."